गोठ्याचं पाणी, हिरवं तळं आणि गोबरगॅस: कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठे चुकतं

गोठा धुतलेल्या पाण्यावर उथळ तळ्यात शेवाळ वाढवायचं, त्याच्याकडून पाणी साफ करून घ्यायचं आणि ते शेवाळ गोबरगॅसमध्ये घालायचं, असा हा प्रयोग. त्याबद्दल बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडून गेल्या काही दिवसांत जे फोन आले, त्यांत बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता. "अण्णा, शेवाळातून डिझेल किती निघतं?" दुसरा प्रश्न तळ्याला कागद, म्हणजे प्लॅस्टिकचं अस्तर, कुठलं घालायचं. गोठ्यातून रोज किती पाणी निघतं, हे कोणीच आधी मोजलेलं नव्हतं. तळं आधी खणून झालं आणि पाण्याचा हिशेब नंतर, त्यामुळे महिन्याभरात बहुतेकांचं तळं तरी काळं पडलं किंवा शेवाळ संपून नितळ होऊन बसलं. म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

डिझेलचा प्रश्न आधी संपवू. इथे जे माप धरलंय ते आठ-दहा म्हशींच्या गोठ्याचं: रोज १,००० लिटर धुण्याचं पाणी आणि ३० चौरस मीटर तळं, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. बरं चाललेलं उघडं तळं दर चौरस मीटरला रोज साधारण १० ग्रॅम कोरडं शेवाळ देतं, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम. सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळात तेल १५ टक्के धरा. सगळंच्या सगळं काढता आलं तरी ४५ ग्रॅम होतं, फोडणीच्या पळीत मावेल इतकं. तेल वाढवायचं तर शेवाळाला नत्राविना उपाशी ठेवावं लागतं, आणि आपण तळं केलंय ते नत्र खाऊन टाकायला. शिवाय तेल काढण्यासाठी शेवाळ आधी वाळवावं लागतं, आणि त्या वाळवण्यात जळण जातं ते वेगळंच.

तेच ३०० ग्रॅम ओलं असतानाच गोबरगॅसमध्ये घातलं तर रोज अंदाजे १०० लिटर गॅस वाढतो. सिलिंडरच्या गॅसच्या भाषेत ५० ग्रॅमच्या आसपास. फार नाही, पण त्यासाठी वाळवण नाही, यंत्र नाही आणि रसायनही नाही. खरा फायदा पाण्याचा आहे. वास जातो, नत्र-स्फुरद शेवाळात अडकतं आणि स्लरीबरोबर, म्हणजे गोबरगॅसमधून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाबरोबर, शेतात परततं. एवढ्यावर समाधान असेल तर पुढे वाचा.

१. खणण्याआधी आठवडाभर मोजमाप

गोठा धुतलेलं पाणी सात दिवस मोजा. मीटर लागत नाही. नाल्याच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवायचा, भरला की रिकामा करायचा आणि दाराच्या मागे खडूनं रेघ मारायची. सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळं मोजा, कारण पुढे दोन्ही पाण्यांना वेगळी वागणूक द्यायची आहे.

मग गोठ्यात काय काय वापरलं जातं त्याची यादी करा. इथेच माझं पहिलं तळं गेलं. तीन आठवडे पोपटी, दाट, पाहून समाधान वाटावं असं पाणी होतं. एका शुक्रवारी गड्यानं म्हशींच्या खुरांसाठी केलेलं मोरचुदाचं पाणी सवयीनं नाल्यात ओतलं. शनिवारी दुपारपर्यंत पाण्याचा रंग तांदळाच्या धुवणासारखा झाला आणि तळाशी पिवळट गाळ बसला. मोरचूद म्हणजे तांबं, आणि शेवाळ मारायला लोक तेच वापरतात. चूक त्याची नव्हती, मीच त्याला सांगितलं नव्हतं.

⚠ मोरचूद, फिनाईल, ब्लिचिंग पावडर, गोचिडाच्या औषधाचं धुवण यांतलं काहीही तळ्यात जाता कामा नये. यासाठी नाल्याला दुसरी वाट काढा आणि तिला लाकडी फळी लावा. अथणीकडे ज्यांची द्राक्षबाग आहे, त्यांनी बोर्डो मिश्रणाचा (त्यातही मोरचूदच असतं) पंप गोठ्याच्या नळाखाली कधीच धुऊ नये.

⚠ कारखान्याचं पाणी, फौंड्री किंवा प्लेटिंगचं पाणी, डिस्टिलरीची काळी मळी यांवर हा प्रयोग घरगुती पातळीवर करू नका. पहिल्या दोन्हींत जड धातू असू शकतात. मळीचा रंग इतका गडद असतो की ऊन आत शिरत नाही, आणि तिचा भारही तुमच्या तळ्याला पेलणारा नाही. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठावर ज्यांची भातशेती आहे त्यांनीही हे विचारलं. शहराचं सांडपाणी शहरानंच शुद्ध करायचं असतं. तिथे काय काय मिसळलंय हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्याला हात लावू नका.

२. आधी निवळण टाकी, मग तळं

नव्वद टक्के लोक ही पायरी गाळतात. शेण-चाऱ्यासकट पाणी तळ्यात सोडलं की ते गढूळ होतं, ऊन वरच्या दोन बोटांतच संपतं आणि खाली गाळ कुजू लागतो. शेवाळाआधी कुजवणारे जिवाणू वाढतात आणि तळ्याचा चिखल होतो.

धुण्याआधी शेण कोरडं ओढून गोबरगॅसकडे न्या. एवढ्यानंच पाण्याचा निम्म्याहून जास्त भार कमी होतो. राहिलेल्या पाण्यासाठी दोन कप्प्यांची टाकी बांधा. प्रत्येक कप्पा एका दिवसाच्या पाण्याचा, म्हणजे १,००० लिटरचा. नाल्याच्या तोंडाशी चाऱ्याची काडी अडवणारी जाळी बसवा. दोन कप्प्यांमधली वाट मधल्या उंचीवर ठेवा, म्हणजे वरची साय आणि तळचा गाळ दोन्ही मागेच राहतात.

✔ तपासणी: दुसऱ्या कप्प्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घ्या आणि पेल्यामागे बोट धरा. बोट स्पष्ट दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तळ्याकडे जाऊ नका, शेण ओढायच्या कामात कसर राहिली आहे. पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घेतलंत तर उत्तम. या मापाच्या तळ्याला रोज ३०० ते ४५० ग्रॅम बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजेच घाणीचं माप) झेपतो, म्हणजे १,००० लिटर पाण्यात लिटरला ३०० ते ४५० मिलिग्रॅम. थंडीत खालचा आकडा धरा.

⚠ गाळ उपसायला टाकीत उतरू नका. तिथे साचलेला वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. लांब दांड्याचं फावडं किंवा पंप वापरा, आणि सोबत माणूस असू द्या.

३. तळ्याचं माप आणि जागा

खोल खणायचा मोह आवरा. शेततळं आणि शेवाळतळं यांत गल्लत होते, आणि पाहुणे आले की हमखास म्हणतात, "एवढंसं खणलंय होय?" ऊन जिथवर पोचतं तिथवरच शेवाळ काम करतं, म्हणून पाणी ३० सेंटिमीटर, वीतभराहून थोडं जास्त. हिशेब सोपा आहे. रोजचं १,००० लिटर पाणी ९ दिवस थांबायला हवं, म्हणजे ९,००० लिटर. ३० सेंटिमीटर खोलीला त्यासाठी ३० चौरस मीटर लागतात.

आकार बैलगाडीच्या शर्यतीच्या धावपट्टीसारखा, पण फिरून परत येणारा. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद, मधोमध एक भिंत आणि दोन्ही टोकं गोल. कोपरे चौकोनी ठेवले की तिथे पाणी थांबतं, गाळ साचतो आणि डासांचीही सोय होते.

भिंतीची उंची ५५ सेंटिमीटर ठेवा. वरचे २५ सेंटिमीटर कशाला, असं गवंडी विचारेल. त्याला खानापूरचा जुलै आठवून द्या. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की तळ्यात ३,००० लिटर पाणी वाढतं, म्हणजे १० सेंटिमीटर. कणकुंबी, जांबोटीकडे असे दिवस एकापाठोपाठ एक येतात. अथणीत हा प्रश्न जवळपास नाहीच. तिथे उलट उन्हाळ्यात पाणी आटतं आणि बोअरचं भरीला घालावं लागतं. एकच नकाशा दोन्हीकडे चालत नाही.

काळ्या मातीत नुसतं खणून कागद अंथरला तर पहिल्याच उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि कागद ताणून फाटतो. खाली मुरमाची थर दाबून घाला. खानापूरच्या तांबड्या जमिनीत चिऱ्याची भिंत स्वस्त पडते, पण चिरा पाणी पितो, तेव्हा कागद तिथेही लागतोच. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद पुरतो. झाडाची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात पडू नये. भोवती कुंपण हवंच. पाणी वीतभर असलं तरी लहान मूल आणि वासरू यांना तेवढं पुरतं.

४. पाणी फिरवणं

थांबलेल्या पाण्यात शेवाळ तळाशी बसतं आणि तिथेच कुजतं. ते सतत हलतं राहावं म्हणून पाणी ढकलणारं पात्यांचं चाक लावतात. अर्धा हॉर्सपॉवरची मोटर लावणारे पुष्कळ भेटले. ती रोज जेवढी वीज खाते, तेवढी ऊर्जा हे शेवाळ गॅसमधून कधीच परत देणार नाही. या मापाला प्रत्यक्षात १०-२० वॅटचंच काम असतं.

माझ्याकडे भंगारातली गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, सायकलची साखळी आणि लहान-मोठी दोन दातेरी चाकं आहेत. चाक मिनिटाला दहाएक फेरे घेतं. दिवसा सोलर पॅनलवर सरळ चालतं, रात्री बॅटरीवर तासाला दहा मिनिटं. मोटर तापते, म्हणून वर पत्र्याची टोपी बसवली आहे. पावसाळ्याच्या तोंडी साखळीला ग्रीस लावायला विसरलो की चाक तक्रार करतं, आणि ती घरात ऐकू येते.

✔ तपासणी: आंब्याचं वाळकं पान पाण्यावर सोडा. दहा मीटरची सरळ बाजू ते ३५ ते ६५ सेकंदांत पार करायला हवं. जास्त वेळ लागला तर पाणी मंद आहे. कमी लागला तर वीज वाया जाते आहे.

५. बी तयार करणं

बाजारातून स्पिरुलिनाचं बी आणू नका. त्याला भरपूर सोडा घातलेलं, अल्कधर्मी पाणी लागतं, गोठ्याचं पाणी त्याला मानवत नाही. सांडपाण्यावर टिकतात ती क्लोरेला आणि सेनेडेस्मस ही साधी हिरवी शेवाळं, आणि ती तुमच्याच शिवारात आहेत. गुरांच्या पाण्याच्या हौदाच्या कडेला जो पातळ हिरवा रंग येतो तो बघा. हाताला लागणारं, केसासारखं तंतूचं शेवाळ नको. पाण्याला पोपटी रंग देणारं, बोटांत न सापडणारं पाहिजे. निळसर हिरवी साय, वर तेलाच्या रंगासारखी तरंगणारी, मुळीच घेऊ नका. त्यात विषारी जाती असतात. जवळच्या कॉलेजात जीवशास्त्र विभाग असेल तर थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. हिरवे गोल ठिपके म्हणजे क्लोरेला, चार-चार पेशी एका ओळीत चिकटलेल्या दिसल्या तर सेनेडेस्मस.

असं जिवंत शेवाळाचं हिरवं पाणी म्हणजेच बी. ते एकदम तळ्यात ओतायचं नाही. क्रम असा:

- पारदर्शक २० लिटरच्या कॅनमध्ये ४ लिटर बी, १४ लिटर नितळ पाणी, २ लिटर निवळलेलं गोठ्याचं पाणी. अर्धवट सावलीत ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा हलवा.
- पाच-सात दिवसांनी रंग दाट झाला की २०० लिटरच्या उघड्या टाकीत.
- तिथून तळ्याच्या एका टोकाला बांध घालून १,००० ते १,५०० लिटरमध्ये. हे दाट झाल्यावरच बांध काढायचा, आणि तळं चार-पाच दिवसांत थोडं थोडं भरत न्यायचं.

सुरुवात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा फेब्रुवारीत करा. जूनमध्ये बी टाकणाऱ्याला ढगाळ आभाळ पुढे जाऊ देत नाही, आणि जानेवारीत पहाटेची थंडी वाढ रोखते.

६. रोजचं पाणी कधी घालायचं

तळ्यात पाणी सोडायचं ते सकाळी ऊन वर आल्यावर, आठ ते दहाच्या दरम्यान. संध्याकाळी गोठा धुतलेलं पाणी रात्रभर निवळण टाकीतच राहू द्या. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, जिवाणू त्यावर घाण फोडतात, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शेवाळ खातं. ही देवघेव उन्हातच चालते. रात्री शेवाळ स्वतःच प्राणवायू ओढतं. अशा वेळी घाण पाणी ओतलं की पहाटे तळं कुजक्या अंड्यासारखं वास मारतं, आणि मग लोक म्हणतात शेवाळानं वास वाढवला.

जेवढं पाणी आत, तेवढंच बाहेर. आधी १,००० लिटर काढा, मग १,००० लिटर घाला.

गोबरगॅसच्या स्लरीचं वरचं पाणी घालायचं असेल तर सगळ्या पाण्यात मिळून दिवसाला ३०-४० लिटरच. त्यात अमोनिया फार असतो. दुपारी शेवाळ जोरात असलं की पाण्याचा पीएच ९ च्या वर चढतो, आणि त्या पीएचला अमोनियाचा मोठा भाग शेवाळाला विष होणाऱ्या रूपात जातो. स्लरी चांगलं खत आहे म्हणून बादल्याच्या बादल्या ओतल्या आणि दोन दिवसांत तळं पांढरं पडलं, ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा ऐकली.

✔ रोजची तपासणी, पाच मिनिटांची:

काठीच्या टोकाला पांढरी इनॅमलची बशी आडवी बांधा, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. दुपारी बशी पाण्यात सोडत जा. १० ते १५ सेंटिमीटरला ती दिसेनाशी झाली तर शेवाळ हवं तितकं आहे. २५ पर्यंत दिसत राहिली तर विरळ आहे, दोन दिवस काढणी बंद ठेवा. ५-६ लाच गेली तर गाळ चढलाय किंवा काढणी कमी पडते आहे. पीएचची पट्टी सकाळी सातला आणि दुपारी तीनला. सकाळी पीएच ७.५ ते ८ आणि दुपारी ९ च्या आसपास असेल तर प्रकृती चांगली. दोन्ही वेळी सारखाच आकडा आला तर शेवाळ काम करत नाही, पाणी कितीही हिरवं दिसलं तरी.

⚠ गोबरगॅस तळ्यात बुडबुडून कार्बन द्यायचा, असे व्हिडिओ फिरतात. शेवाळाला मिथेनचा उपयोग नाही, तो हवेत जातो. जवळ कोणी बिडी पेटवली तर पुढचं सांगायला नको.

७. तळं अचानक नितळ झालं तर

दोन-तीन दिवसांत हिरवं पाणी आरपार दिसू लागलं, आणि मोरचूद वगैरे काही गेलं नसेल, तर ते पाणी पेल्यात घेऊन उजेडाकडे धरा. उड्या मारत फिरणारे बारीक ठिपके दिसतील. ते पाणपिसवा. त्याहून बारीक रोटिफर नुसत्या डोळ्यांना धड दिसत नाहीत. हे जीव शेवाळावरच जगतात आणि आठवड्यात अख्खं तळं फस्त करतात.

औषध फवारू नका. पाणपिसवा सुती साडीच्या पदराच्या एकेरी घडीत गाळल्या जातात. तीन संध्याकाळी तळ्याचं पाणी पंपानं फिरवून गाळा. त्याच वेळी पाणी थांबण्याचा काळ नऊवरून पाच-सहा दिवसांवर आणा, म्हणजे त्यांची पिल्लं वाढण्याआधी बाहेर जातात. मात्र जादा पाणी घाणीचं नव्हे, साधं घाला. २०० लिटरच्या टाकीतलं बी अशा वेळेसाठीच जिवंत ठेवायचं असतं.

८. काढणी

"मलमलीतून गाळलं, काहीच अडकलं नाही," असं लोक सांगतात. अडकणार नाहीच. क्लोरेलाची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. पाणपिसू गाळली जाते, शेवाळ नाही.

रोज काढलेलं १,००० लिटर पाणी शंकूच्या तळाच्या टाकीत एक दिवस स्थिर ठेवा. तळाशी बसलेल्या हिरव्या रबड्यापैकी दहावा हिस्सा रोज तळ्यात परत टाका. जी शेवाळं गठ्ठ्यानं बसतात तीच अशानं पुढे वाढत जातात, आणि दीड-दोन महिन्यांत काढणी आपोआप सोपी होते. या युक्तीला पैसा लागत नाही, धीर मात्र लागतो. जड पाण्याच्या बोअरवाल्यांना आणखी एक सोय आहे: कडक उन्हाच्या दुपारी पीएच १० च्या वर गेला की पाण्यातला चुना-स्फुरद साका होऊन खाली बसतो आणि शेवाळालाही सोबत नेतो. तेव्हा काढणीचं पाणी दुपारी तीननंतर काढा.

तरीही बसत नसेल तर तुरटी. मात्र अंदाजानं टाकू नका. लिटरच्या चार बाटल्यांत तळ्याचं पाणी घ्या, त्यात ५०, १००, १५० आणि २०० मिलिग्रॅम तुरटी विरघळवून घाला, हलवा आणि अर्धा तास थांबा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत वरचं पाणी नितळ झालं, ती तुमची मात्रा. १५० आली तर १,००० लिटरला १५० ग्रॅम. रोजची सवय लावू नका. तुरटीतलं गंधक गोबरगॅसमध्ये जाऊन गॅसला वास आणतं आणि शेगडीचा बर्नर खातं.

टाकीच्या तोटीतून शेवटी १५ ते ३० लिटर दाट हिरवं पाणी मिळतं. बसवलेल्या शेवाळाचं हेच रूप. ते वाळवत बसू नका.

⚠ हे शेवाळ म्हशींना, कोंबड्यांना खायला घालू नका. गोठ्याच्या घाणीवर वाढलंय, त्यात जंतू असतातच.

९. गोबरगॅसमध्ये घालणं

दोन घनमीटरच्या प्लांटला आपण ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी कालवतो. त्या पाण्यापैकी २०-२५ लिटरच्या जागी हे हिरवं पाणी घाला. बस, एवढंच. शेण कमी करायचं नाही.

शेण वाचवून नुसतं शेवाळ घालणाऱ्यांचा प्लांट दोन-तीन आठवड्यांत मंदावतो. शेवाळात कर्बाच्या मानानं नत्र फार असतं, गुणोत्तर सहाच्या आसपास. शेणात ते वीस-पंचवीस असतं. नत्र जास्त झालं की आत अमोनिया साचतो आणि गॅस करणारे जिवाणू गारद होतात. आपल्या मापात शेवाळ कोरड्या वजनानं शेणाच्या तीन-चार टक्केच असतं, म्हणून काळजी नाही. पहिल्या आठवड्यात रोज पाचच लिटर घाला, मग वाढवत न्या.

✔ तपासणी: बाहेर पडणारी स्लरी हिरवट दिसू लागली तर शेवाळ न पचताच बाहेर येतंय. त्याच्या पेशीची भिंत चिवट असते. मात्रा निम्मी करा.

१०. वरचं नितळ पाणी

ते नेपियर, ऊस, नारळ यांना द्या. कोथिंबीर, मेथी, मुळा असं कच्चं खायच्या भाज्यांना नको. ऊन आणि चढा पीएच यांनी जंतू कमी होतात, संपत नाहीत. ओढ्यात, मलप्रभेत किंवा हिरण्यकेशीत सोडायचा विचारही नको. मोठा गोठा असेल आणि पाणी आपल्या रानाबाहेर जाणार असेल, तर आधी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करा, बांधून झाल्यावर नाही.

११. पावसाळ्यात

मृग लागला की रोजचं पाणी निम्म्यावर आणा. खानापूरकडच्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये तळं सरळ बंद ठेवावं. गोठ्याचं पाणी त्या काळात दोन्ही कप्प्यांतून निवळून चाऱ्याच्या रानात जाऊ द्या. जादा पावसाचं पाणी कागदाखाली शिरू नये म्हणून निकासाची नळी भिंतीच्या वरच्या कडेखाली दहा सेंटिमीटरवर बसवा, आणि तिच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर बेडूक अडकतो आणि तळं काठावरून वाहतं.

बी मात्र मरू द्यायचं नाही. २० लिटरचे दोन कॅन घरातल्या भरपूर उजेडाच्या खिडकीत ठेवा, आठवड्याला लिटरभर बी काढून त्याजागी साधं पाणी आणि पेलाभर निवळलेलं गोठ्याचं पाणी घाला. एक कॅन बिघडला तर दुसरा असतो. माझा एक कॅन आईनं चहाच्या भांड्यांबरोबर घासून पालथा घातला होता, तेव्हापासून त्यावर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत "ओतू नका" लिहून ठेवलंय.